धार-देवास आणि परिचारिका-शिक्षण : मिशनच्या रुग्णालयापासून विद्यापीठाच्या पदवीपर्यंत

देवास या शहराशी गोमंतकीय वाचकाचा परिचय बहुधा पंडित कुमार गंधर्व यांच्यामुळे झालेला असतो. क्षयरोगाने ग्रासलेले कुमारजी १९४८ साली कोरड्या हवेसाठी माळव्यातील या शहरात आले. पुढील काही वर्षे त्यांचे गाणे बंद होते. त्या काळात त्यांची शुश्रूषा पत्नी भानुमती यांनी केली. शाळेत शिकवून संसाराचा भारही त्यांनीच वाहिला. क्षयावरील नवी औषधे उपलब्ध झाली, कुमारजी बरे झाले आणि पुन्हा गाऊ लागले. भानुमतींचे मात्र १९६१ मध्ये प्रसूतीच्या वेळी निधन झाले. दीर्घ आजारातील शुश्रूषा आणि प्रसूतिसमयीची देखभाल ही परिचारिकेच्या विद्येची दोन प्रमुख अंगे आहेत. या एका घराच्या वृत्तांतात त्या दोन्हींची निकड दिसते.

ज्या माळव्यात हे घडले, तेथे परिचर्येचे शिक्षण प्रथम धर्मसंस्थांच्या आश्रयाने आले. आज धर्मसंस्थेच्या महाविद्यालयात वा विद्यापीठात परिचारिका होण्यासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या पालकांनी हा इतिहास जाणून घेणे उपयोगाचे आहे. शिक्षण कोणत्या संस्थेच्या नावाने मिळते आणि ते प्रत्यक्षात कोठे मिळते, हे दोन प्रश्न वेगळे आहेत, हे त्यावरून स्पष्ट होते.

दोन मराठी संस्थाने

धार आणि देवास ही पवार घराण्याची संस्थाने होती. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात मराठ्यांचा अंमल माळव्यात स्थिरावला, तेव्हा पवारांच्या एका शाखेकडे धार आले, तर तुकोजी आणि जिवाजी या बंधूंकडे देवास आले. देवासची पुढे थोरली पाती आणि धाकटी पाती अशी विभागणी झाली आणि एकाच गावात दोन राजे नांदू लागले. इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये थोरल्या पातीच्या महाराजांचे खासगी सचिव म्हणून येथे राहिले होते. दरबारात मराठी, बाजारात माळवी व हिंदी आणि डोंगराळ भागात भिली अशी या प्रदेशाची भाषिक घडण होती. धार जिल्ह्यातील निम्म्याहून अधिक लोकसंख्या आजही अनुसूचित जमातींची आहे. येथे रुग्णाशी बोलायचे तर एका भाषेने भागत नाही, हे तेव्हाही खरे होते आणि आजही खरे आहे.

देवास इंदूरपासून सुमारे ३५ किलोमीटरवर, तर धार सुमारे ६५ किलोमीटरवर आहे. त्यामुळे दोन्ही ठिकाणच्या आरोग्यसेवेचा आणि शिक्षणाचा ओढा नेहमीच इंदूरकडे राहिला.

किंग्स्टनहून इंदूर-धारकडे

कॅनडातील प्रेस्बिटेरियन चर्चच्या मिशनने १८७७ मध्ये इंदूरला काम सुरू केले. पडद्यातील स्त्रिया पुरुष डॉक्टरसमोर येत नसत, म्हणून स्त्री-डॉक्टरची गरज लवकरच जाणवली. १८८४ मध्ये डॉ. एलिझाबेथ बीटी, १८८६ मध्ये डॉ. मॅरियन ऑलिव्हर आणि १८९१ मध्ये डॉ. मार्गारेट ओहारा मध्य भारतात आल्या. तिघींचेही वैद्यकीय शिक्षण कॅनडातील किंग्स्टन शहरात झाले होते.

किंग्स्टनचे क्वीन्स विद्यापीठ हे स्वतःच एक धर्मसंस्थेचे विद्यापीठ होते. १८४१ मध्ये राजसनदेने स्थापन झालेले हे विद्यापीठ प्रेस्बिटेरियन चर्चशी संलग्न होते. ते चर्चपासून अधिकृतपणे विलग झाले ते १९१२ मध्ये. तेथे वैद्यक शिकणाऱ्या पहिल्या मुलींना मिळालेली वागणूक मात्र सौजन्याची नव्हती. १८८२-८३ च्या सुमारास पुरुष विद्यार्थ्यांनी एकत्र वर्गांना तीव्र विरोध केला आणि मुलींना काढले नाही तर महाविद्यालय सोडून जाण्याची धमकी दिली. त्यातून १८८३ मध्ये स्त्रियांसाठी स्वतंत्र वैद्यकीय महाविद्यालय उघडले गेले. १८८४ मध्ये किंग्स्टनहून पदवी घेणाऱ्या पहिल्या तीन स्त्रियांपैकी बीटी या एक. म्हणजे ज्या धार्मिक परंपरेने विद्यापीठ उभारले, त्याच परंपरेतील काहींनी मुलींचा मार्ग अडविला आणि त्याच परंपरेतील इतरांनी दुसरा मार्ग काढून दिला. धर्मसंस्थेचे शिक्षण म्हणजे एकसंध गोष्ट नसते, याचे हे जुने उदाहरण आहे.

डॉ. ओहारा १८९५ मध्ये धारला गेल्या. संस्थानने मिशनला जागा दिली आणि तेथे रुग्णालय उभे राहिले. १८९९-१९०० चा भीषण दुष्काळ, जो उत्तरेत ‘छप्पनिया’ या नावाने स्मरणात आहे, माळव्यालाही भोवला. त्या काळात मिशनने अनेक अनाथ मुलांना आश्रय दिला. ओहारा यांनी आपल्या सेवाकाळाचा मोठा भाग धारमध्येच व्यतीत केला.

अशा रुग्णालयांना प्रशिक्षित मदतनीस बाहेरून मिळत नसत. त्या तिथेच घडवाव्या लागत. परक्याच्या मलमूत्राला, रक्ताला, जखमेला हात लावणे हे जातिव्यवस्थेने हीन ठरविलेले काम होते. सुईणपण हेही बहुतेक ठिकाणी विशिष्ट जातींकडेच असे. प्रतिष्ठित घरातील मुलगी रात्री घराबाहेर राहून परपुरुषांच्या खाटांमधून फिरेल, ही कल्पनाच समाजाला असह्य होती. त्यामुळे भारतभरच्या मिशन रुग्णालयांत परिचर्या शिकणाऱ्या पहिल्या पिढ्यांमध्ये ख्रिस्ती कुटुंबांतील मुली, मिशनच्या अनाथाश्रमांत वाढलेल्या मुली आणि विधवा यांचेच प्रमाण मोठे होते. ज्यांना समाजात अन्य आधार नव्हता, त्यांना या विद्येने निवारा, पगार आणि स्वतंत्र ओळख दिली.

हा पेशा एका धर्माच्या मुलींचा नाही, हे मराठी समाजात ठसविण्याचे श्रेय बऱ्याच अंशी रमाबाई रानडे यांच्याकडे जाते. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सेवासदनाने हिंदू स्त्रियांना, विशेषतः विधवांना, ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेण्यास प्रवृत्त केले. दक्षिण महाराष्ट्रात मिरजेचे मिशन रुग्णालय डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केले. कोकण, गोवा आणि उत्तर कर्नाटकातील रुग्ण तेथे जात असत. तेथील प्रशिक्षित परिचारिका अनेक मराठी घरांनी पाहिलेल्या पहिल्या परिचारिका होत्या.

प्रमाणपत्राची किंमत कोण ठरविणार?

आरंभी प्रत्येक रुग्णालय आपापल्या परीने शिकवी आणि आपणच प्रमाणपत्र देई. एका रुग्णालयाचा दाखला दुसऱ्या रुग्णालयाने मानावा असे बंधन नव्हते. परिचारिकेची विद्या म्हणजे वरिष्ठांनी दिलेले शिफारसपत्र, एवढाच त्याचा अर्थ होता. ही उणीव दूर करण्यासाठी विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत उत्तर, दक्षिण आणि मध्य भारतातील मिशन रुग्णालयांनी आपापली सामायिक परीक्षा मंडळे स्थापन केली. प्रवेशाची पात्रता, शिक्षणाचा काळ आणि अभ्यासक्रम ठरले. परीक्षा घेणारे परीक्षक बाहेरचे असू लागले. शिकविणारा आणि तपासणारा वेगळा झाला, हा त्यातील महत्त्वाचा बदल होता.

मध्य भारतासाठीचे मिड इंडिया बोर्ड हे याच मालिकेतील मंडळ. ख्रिश्चन मेडिकल असोसिएशन ऑफ इंडिया या संघटनेच्या नर्सेस लीगच्या छत्राखाली ते काम करते. भारतीय परिचर्या परिषदेने परीक्षा मंडळ म्हणून त्याला मान्यता दिलेली आहे. परिचारिकांच्या पुढील शिक्षणासाठी या मंडळाची संस्था इंदूरला सुरू झाली. धार-देवासच्या दाराशी असलेल्या शहरात परिचर्येचे अध्यापन करणाऱ्यांची पिढी घडू लागली, ती अशी.

अखिल भारतीय पातळीवर १९०८ मध्ये प्रशिक्षित परिचारिकांची संघटना स्थापन झाली. १९४६ मध्ये दिल्ली आणि वेल्लोर येथे परिचर्येचा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. यांपैकी दिल्लीचे महाविद्यालय सरकारी होते, तर वेल्लोरचे ख्रिस्ती संस्थेचे. त्याची पदवी मात्र मद्रास विद्यापीठाची होती. १९४७ च्या भारतीय परिचर्या परिषद अधिनियमाने देशभर एकसमान दर्जा ठरविण्याची व्यवस्था केली. २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसूतिविद्या आयोगाचा नवा कायदा संसदेने संमत केला. त्यात जुन्या परिषदेच्या जागी आयोग आणण्याची तरतूद आहे.

धर्मसंस्थेचे विद्यापीठ म्हणजे काय?

भारतात ‘धर्मसंस्थेचे विद्यापीठ’ या शब्दांखाली दोन भिन्न प्रकार येतात. पहिल्या प्रकारात धार्मिक वा आध्यात्मिक प्रेरणेने स्थापन झालेली संस्था स्वतःच विद्यापीठ वा अभिमत विद्यापीठ असते आणि पदवी तीच देते. दिल्लीचे जामिया हमदर्द, माता अमृतानंदमयी मठाचे अमृता विश्वविद्यापीठम् आणि मुरादाबादचे तीर्थंकर महावीर विद्यापीठ ही परिचर्येचे शिक्षण देणारी याची उदाहरणे आहेत. दुसऱ्या प्रकारात महाविद्यालय आणि रुग्णालय धर्मसंस्थेचे असते. पदवी मात्र राज्याच्या आरोग्य विद्यापीठाची असते. वेल्लोर, बेंगळुरूचे सेंट जॉन्स आणि मिशन परंपरेतील बहुतेक महाविद्यालये या प्रकारात मोडतात. मध्य प्रदेशात हे विद्यापीठ जबलपूरला आहे.

राज्यघटनेच्या ३० व्या अनुच्छेदाने धार्मिक व भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क दिला आहे. त्याचबरोबर २८ व्या अनुच्छेदानुसार राज्याने मान्यता दिलेल्या किंवा राज्याची मदत घेणाऱ्या संस्थेत कोणत्याही विद्यार्थ्याला त्याच्या संमतीविना धार्मिक शिक्षण घेण्यास वा उपासनेस उपस्थित राहण्यास भाग पाडता येत नाही. विद्यार्थी अज्ञान असेल तर पालकांची संमती लागते. २९ व्या अनुच्छेदानुसार राज्याची मदत घेणाऱ्या संस्थेत केवळ धर्म, वंश, जात वा भाषा या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही. वैद्यकीय प्रवेशाच्या समान परीक्षेतून अल्पसंख्याक संस्थांनाही सूट नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये वेल्लोरच्या प्रकरणात स्पष्ट केले. व्यवस्थापनाचा हक्क आणि गुणवत्तेचा सार्वजनिक निकष हे एकत्र नांदू शकतात, हा त्या निर्णयाचा आशय होता.

प्रत्यक्ष विद्यार्थिजीवनात धर्माचा संबंध येतो तो बहुधा दिनक्रमातून. सकाळची प्रार्थना, वसतिगृहाची कडक शिस्त, सणावारांची सुट्टी, भोजनगृहातील नियम, ग्रामीण सेवेवरील भर या गोष्टी संस्थेनुसार बदलतात. वेल्लोरसारख्या ठिकाणी चर्चच्या वतीने पुरस्कृत होऊन येणाऱ्या विद्यार्थ्यांना शिक्षणानंतर काही काळ चर्चच्या रुग्णालयात सेवा द्यावी लागते. दूरच्या, मागास भागातील रुग्णालयांना परिचारिका मिळतात त्या या बंधनामुळेच. पण सही करणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलीला त्या बंधनाचा अर्थ आधी समजलेला असावा.

शिक्षणाचे स्वरूप

सध्या परिचर्येचे तीन मुख्य मार्ग आहेत. दोन वर्षांचा एएनएम अभ्यासक्रम उपकेंद्र व गावपातळीवरील सेवेसाठी आहे. तीन वर्षांचा जीएनएम हा पदविका अभ्यासक्रम रुग्णालयीन सेवेचा प्रचलित मार्ग आहे. चार वर्षांचा बी.एस्सी. नर्सिंग हा पदवी अभ्यासक्रम आठ सत्रांचा असून शेवटचे सत्र आंतरवासितेचे असते. पदवीसाठी बारावीला भौतिक, रसायन व जीवशास्त्र या विषयांसह सर्वसाधारणतः किमान ४५ टक्के गुण आणि इंग्रजीत उत्तीर्ण असणे आवश्यक असते. अनुसूचित जाती-जमातींसाठी गुणांची अट शिथिल आहे. वयाची किमान अट १७ वर्षांची आहे. जीएनएमसाठी कोणत्याही शाखेतून बारावी चालते. जीएनएम झालेल्यांना दोन वर्षांच्या पूरक अभ्यासक्रमाने पदवी मिळविता येते. जीएनएम आणि पदवी हे अभ्यासक्रम मुलग्यांनाही खुले आहेत.

शरीररचना, शरीरक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र, औषधशास्त्र, पोषण, मानसशास्त्र हे विषय वर्गात शिकता येतात. प्रौढ व बालरुग्णांची परिचर्या, मानसिक आरोग्य, सामुदायिक आरोग्य आणि प्रसूतिविद्या यांचा मोठा भाग मात्र रुग्णाजवळच शिकावा लागतो. म्हणूनच नियमांत महाविद्यालयाशी निगडित, सर्वसाधारणपणे किमान १०० खाटांचे रुग्णालय असावे, प्रत्येक विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण असावेत आणि दहा विद्यार्थ्यांमागे एक अध्यापक असावा, असे प्रमाण सांगितले आहे. नाडी मोजण्यासाठी नाडी असलेले मनगट लागते. कागदावरच्या खाटेवर रुग्ण नसतो.

कागदावरची रुग्णालये

हे वाक्य अलंकारिक वाटू नये, असा प्रसंग मध्य प्रदेशात नुकताच घडला. राज्यात परिचर्या महाविद्यालयांची संख्या झपाट्याने वाढली. अनेक ठिकाणी रुग्णालय अस्तित्वात नाही, इमारत नाही, एकच अध्यापक एकाच वेळी अनेक महाविद्यालयांत दाखविला आहे, अशा तक्रारी जनहित याचिकेद्वारे उच्च न्यायालयापुढे आल्या. न्यायालयाच्या आदेशाने केंद्रीय अन्वेषण विभागाने ३०० हून अधिक महाविद्यालयांची तपासणी केली. पुढे त्या तपासणीतच अनुकूल अहवालासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून २०२४ च्या मे महिन्यात तपास अधिकाऱ्यांनाच अटक झाली आणि योग्य ठरविलेल्या महाविद्यालयांचीही फेरतपासणी करण्याचा आदेश न्यायालयाने दिला. त्याच सुमारास अयोग्य ठरलेली ६६ महाविद्यालये बंद करण्याचे पाऊल राज्य सरकारने उचलले.

या सर्व काळात परीक्षा रखडल्या. चार वर्षांच्या पदवीसाठी प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांची वर्षे पहिल्या परीक्षेची वाट पाहण्यात गेली. यांत शेतकरी, मजूर आणि आदिवासी कुटुंबांतील मुलींची संख्या मोठी होती, कारण लवकर नोकरी देणारा, तुलनेने परवडणारा आणि मुलींसाठी सुरक्षित मानला जाणारा हाच मार्ग त्यांना दिसत होता. शुल्कासाठी कर्ज काढलेल्या घरात वाया गेलेल्या वर्षांचा हिशेब सोपा नसतो.

माळव्याच्या इतिहासाशेजारी हा प्रसंग ठेवला म्हणजे विरोधाभास लक्षात येतो. शंभर वर्षांपूर्वी मिशनच्या रुग्णालयात शिकणाऱ्या मुलीपाशी विद्यापीठाची पदवी नव्हती; पण रुग्ण होते, रात्रपाळी होती आणि हात धरून शिकविणारी सिस्टर होती. अलीकडच्या काही महाविद्यालयांपाशी विद्यापीठाची संलग्नता होती; रुग्णालयच नव्हते. पदवीचा अधिकार कायद्यातून येतो, पण परिचारिकेचे कौशल्य रुग्णाच्या उशाशी तयार होते. दोन्हींपैकी एक नसेल तर शिक्षण अपुरे राहते. मग ती संस्था धार्मिक असो, सरकारी असो वा खासगी.

प्रवेशापूर्वी पाहावयाच्या गोष्टी

पदवी कोणते विद्यापीठ देणार, पदविका कोणते परीक्षा मंडळ देणार, हे प्रथम लेखी विचारावे. संस्थेला ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा त्या वर्षासाठी मान्यता आहे काय, हे भारतीय परिचर्या परिषद आणि संबंधित राज्याची परिचर्या परिषद या दोन्हींकडे पडताळावे. गतवर्षीची मान्यता यंदा असेलच असे नाही. रुग्णालय स्वतः जाऊन पाहावे. किती खाटा आहेत यापेक्षा किती खाटांवर रुग्ण आहेत, प्रसूतिकक्ष चालू आहे काय, विद्यार्थ्यांना तेथे कोण शिकविते, हे पाहणे अधिक उपयोगी ठरते. मागील तुकडीची परीक्षा केव्हा झाली आणि निकाल केव्हा लागला, हे त्याच तुकडीच्या विद्यार्थ्यांना विचारावे. सेवाबंधन असल्यास त्याचा कालावधी, ठिकाण, वेतन आणि ते मोडल्यास भरावयाची रक्कम वाचूनच सही करावी. प्रार्थना वा धार्मिक वर्ग ऐच्छिक आहेत काय, हे संकोच न करता विचारावे. चांगली संस्था या प्रश्नाने दुखावत नाही.

गोव्याबाहेर शिक्षण घेऊन गोव्यात काम करू इच्छिणाऱ्यांना गोवा परिचर्या परिषदेकडे नोंदणी करावी लागते. त्यामुळे परराज्यातील प्रमाणपत्र नोंदणीस पात्र ठरेल काय, हे प्रवेशाच्या वेळीच पाहणे हिताचे. गोव्यात बांबोळी येथे परिचर्येची सरकारी शिक्षणसंस्था आहे; बाहेर जाण्याचा निर्णय घेण्यापूर्वी त्या पर्यायाचा विचार व्हावा.

आजची गरज

धार जिल्ह्यासारख्या भागात परिचारिकेचे काम आजही रुग्णालयाच्या भिंतींत मावत नाही. पाड्यावरील गर्भवतीची तपासणी, कुपोषित बालकाचे वजन, क्षयरुग्णाने औषध सोडू नये यासाठीचा पाठपुरावा, आदिवासी समाजात आढळणाऱ्या सिकलसेल रोगाची चाचणी ही कामे तिच्याकडेच येतात. सिकलसेलच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम २०२३ मध्ये मध्य प्रदेशातूनच सुरू झाली. अशा मोहिमा यशस्वी होतात त्या रुग्णाच्या भाषेत त्याला समजावून सांगणाऱ्या माणसामुळे. कॅनडातून आलेल्या डॉक्टरांना जी भाषा शिकावी लागली, ती येथील मुलींना जन्मतःच येते. त्यांना हवे आहे ते खरे रुग्णालय, प्रामाणिक परीक्षा आणि देशभर मानला जाईल असा दाखला. ते देणारी संस्था मंदिराच्या, मशिदीच्या वा चर्चच्या आश्रयाने चालते की सरकारच्या, हा त्यानंतरचा प्रश्न आहे.